आँटी डोरीनचा डबा

मुळात मला ऑस्ट्रेलियाला जायचंच नव्हतं. मला फक्त क्षितिजला गप्प करायचं होतं.

क्षितिज हा आमचा एकुलता एक मुलगा. तो नॉटिंगहॅमला असतो आणि तिथल्या युनिव्हर्सिटीत 'रिस्क' बघतो. म्हणजे कुठे कोण घसरून पडेल याचा आधीच विचार करून ठेवायचा त्याला पगार मिळतो. लहानपणी हा मुलगा घसरगुंडीवर चढण्याआधी खालची वाळू हाताने चाचपून यायचा, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. गेल्या ऑक्टोबरात मी आमच्या लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घराच्या पन्हळीतली पानं काढायला शिडीवर चढलो आणि ठरवलं होतं त्यापेक्षा जरा लवकर खाली आलो. याला काही लोक पडणं म्हणतात. मला काहीही लागलं नाही, जे काय लागायचं ते खालच्या हायड्रेंजियाच्या झुडपाला लागलं. पण शेजारच्या डेरेकला निवृत्त झाल्यापासून कुंपणावरून बघण्याखेरीज उद्योग नाही. त्याने परस्पर क्षितिजला फोन केला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात 'फ्लॅट' शिरला.

हा फ्लॅट क्षितिजच्या घराजवळ, तळमजल्यावर, खास वयस्कर मंडळींसाठी बांधलेला. बाथरूममध्ये छतापासून लाल दोरी लोंबते; ओढली की कुणीतरी धावत येतं. मी उभी हयात भूलतज्ज्ञ म्हणून काढली. ऑपरेशन टेबलावरच्या माणसांचा श्वास माझ्या भरवशावर चालायचा. आणि आता मी साबणावरून घसरलो तर दोरी ओढायची. स्टॅनमोरचं घर, मागची सफरचंदाची झाडं, जुबिली लाइनच्या मेट्रोत आपली ठरलेली सीट, हे सगळं त्या दोरीच्या बदल्यात द्यायचं. दर रविवारी फोनवर क्षितिज फ्लॅटची नवी थोरवी सांगायचा आणि मी दर रविवारी विषय हवामानाकडे वळवायचो.

एका रविवारी हवामान संपलं. तो म्हणाला, "बाबा, be honest. तुम्हाला आता एकट्याने manage नाही होत. काहीही झालं की कोणाची तरी help लागतो." समोर टीव्हीवर आवाज बंद करून कुठलासा माहितीपट चालू होता. लाल माती, पांढरी वाळू, निळाशार समुद्र आणि त्यातून धुरळा उडवत जाणारी एक जीप. माणसाचा मानभंग झाला की समोर जे दिसेल ते तो उचलतो. मी जीप उचलली. म्हटलं, आम्ही दोघं ऑस्ट्रेलियाच्या त्या टोकाला जाणार, स्वतः गाडी चालवत, अ‍ॅबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या वस्त्यांमधून, कुणाचीही मदत न घेता. क्षितिजही माझाच मुलगा. तो म्हणाला, ठीक आहे, तुम्हाला सोडवायला कुणाला यावं लागलं नाही तर मी फ्लॅटचं नाव पुन्हा काढणार नाही; पण यावं लागलं, तर आल्याबरोबर फ्लॅट बघायचा आणि सही करायची.

फोन ठेवला तेव्हा वीणा दारात उभी होती. बायकोला न विचारता तिला जगाच्या टोकाला नेण्याचं ठरवल्यावर ती काय म्हणेल याची मी तयारी करत होतो. ती एवढंच म्हणाली, "किती दिवस? भाजणी किती करायची ते कळायला नको?"

बातमी आमच्या हॅरो भागात पसरायला वेळ लागला नाही. हॅरोच्या मराठी मंडळींत प्रत्येक विषयाचा एक जाणकार आहे आणि तो प्रत्येक विषयाला शशिधरच असतो. शशिधर निवृत्त हाडांचा डॉक्टर, पूर्वी एकदा सिडनीला पुतण्याच्या लग्नाला गेलेला, म्हणजे अर्थातच वाळवंटातला तज्ज्ञ. त्याने मला आमच्याच ड्राइव्हवेवर बसवून टायरची हवा कशी कमी करायची ते शिकवलं. वाळूत शिरण्याआधी हवा सोडायची, बाहेर आल्यावर पंपाने भरायची, हे दोन वाक्यांत सांगता येणारं ज्ञान त्याने चहा आणि दोन वेळच्या भज्यांसकट पूर्ण दुपार पुरवलं. त्याची बायको सुप्रभा सापांवर बोलली. डेरेक कुंपणावरून मगरींवर बोलला. त्याच्या मते तिथे पाण्यात मगर, पाण्याच्या कडेला जेलीफिश, कोरड्यावर साप आणि संडासात कोळी असतो. मग माणसं कुठे राहतात असं मी विचारलं, तर तो म्हणाला, मेलबर्नला.

वस्तीत जायचं तर परवाना लागतो. ती जमीन त्या लोकांची आहे आणि कुणाच्या घरात शिरताना विचारावं तसं विचारायचं असतं, हे मला मान्यच होतं. मी ऑनलाइन अर्ज भरला. 'भेटीचं कारण' या रकान्यात 'मुलाला गप्प करणं' हे लिहिणं बरं दिसेना, म्हणून मी दोन परिच्छेद लिहिले, सोबत माझी शैक्षणिक पात्रता, नोकरीचा इतिहास आणि शशिधरचं शिफारसपत्र जोडलं. उत्तर आलं: 'No worries.' एवढंच. ज्या देशात आपण पार्किंगच्या परवान्यासाठी कौन्सिलला वीजबिलाच्या प्रती पाठवतो, त्या देशातल्या माणसाचा 'नो वरीज'वर विश्वास कसा बसणार? मी आणखी दोन ईमेल केले. शेवटी तिकडून आलं, 'Just come, doc.' मी ते छापलं आणि लॅमिनेट केलं. त्यासाठी लॅमिनेटर विकत घेतला. घेतलाच आहे म्हणून मग प्रवासाचा पूर्ण कार्यक्रमही लॅमिनेट केला: कुठल्या दिवशी कुठे मुक्काम आणि कुठे सूर्यास्त बघायचा, सगळं. त्या कागदावर चहा सांडला तरी पुसता यायचा, पण कार्यक्रम पाळता येईल याची सोय लॅमिनेटरमध्ये नसते, हे पुढे कळलं.

वीणाची अडचण वेगळीच होती. भाजणी झाली, मेतकूट झालं, गोडा मसाला झाला, चिवडा झाला, पण भरायला घरात डबे नाहीत. आमचे डबे नॉटिंगहॅमला असतात. दर दिवाळीला, दर वाढदिवसाला ते भरून जातात आणि तिकडेच स्थायिक होतात. वीणा कोकणातली, वेंगुर्ल्याची. तिच्या धर्मात कलमं फार नाहीत, पण एक पक्कं आहे: दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. डबा परतच न करण्याची तर त्यात कल्पनाच नाही. ती क्षितिजला कधी बोलली नाही. नवे डबे विकत घेऊन आली आणि पुढचे दोन दिवस गप्प गप्प होती.

विमानतळावर बायोसिक्युरिटीच्या बाईंनी आमची बॅग उघडली. ऑस्ट्रेलियात परदेशातलं बी किंवा किडा शिरू नये म्हणून ते लोक फार जपतात. वीणाने सगळं प्रामाणिकपणे जाहीर केलं होतं, त्यामुळे सगळं टेबलावर आलं. मेतकुटाचा वास घेऊन त्या बाईंनी डोळे मिटले आणि वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी वास घेऊन आणखी एकाला बोलावलं. चिंचेत चिंचोके निघाले, ती गेली. पोळपाट लाकडी, म्हणून तो भिंगाखाली गेला, आणि हे नक्की काय आहे हे वीणाने त्यांना लाटणं फिरवून दाखवलं. मागे रांग थांबली होती. मी आपलं लॅमिनेट केलेलं 'Just come, doc' पुढे केलं. त्याकडे कुणी पाहिलं नाही.

ब्रूम नावाच्या गावापासून उत्तरेला समुद्रात घुसलेलं एक लांबच लांब द्वीपकल्प आहे. तिथे आम्हाला जायचं होतं. भाड्याची गाडी इतकी उंच होती की वीणाला आत चढायला मी खालून आधार द्यायचा आणि मग मला तिने वरून ओढायचं, अशी पद्धत पडली. मागच्या भागात एक पेटी होती. सामान मावेना, तेव्हा मी ती उघडून बघितली. आत नळी लावलेलं एक यंत्र होतं. गाडी झाडायचा व्हॅक्युम क्लीनर दिसतोय, असं म्हणून मी तो ब्रूमच्या हॉटेलात ठेवला आणि त्या जागी प्रेशर कुकर बसवला. वीणाने विचारलं होतं, नक्की ना? मी म्हटलं होतं, नक्की.

डांबरी रस्ता सुरेख होता. दोन्ही बाजूंना तांबडी माती, तुरळक झाडं आणि मैलोन्मैल कुणीही नाही. मी खुशीत होतो. क्षितिजच्या फोनवर आमची गाडी म्हणजे एक निळा ठिपका दिसायची सोय त्याने जाण्यापूर्वीच करून घेतली होती, आणि तो ठिपका आत्ता कसा दिमाखात सरकत असेल याची मी कल्पना करत होतो. मग वस्तीच्या कॅम्पकडे जाणारा वाळूचा फाटा आला. मी शास्त्रशुद्ध थांबलो. शशिधरने शिकवल्याप्रमाणे चारही टायरची हवा सोडली. जरा जास्तच सोडली. टायर तव्यावरच्या धिरड्यासारखे पसरले. थोडी परत भरावी म्हणून पंप शोधायला मागे गेलो, आणि कुकरकडे बघताना हॉटेलातला व्हॅक्युम क्लीनर म्हणजे काय होतं ते माझ्या लक्षात आलं. जन्मभर माणसांत वायू भरणं आणि काढणं हाच ज्याचा धंदा, त्याच्यावर ही वेळ यावी. तरी मी तसाच गाडी रेटली आणि ती पोटापर्यंत वाळूत बसली.

मदत मागायची नव्हती. मी वीणाला म्हटलं, आपण अडकलेलो नाही, आपण थांबलोय. ती छत्री उघडून त्याखाली बसली आणि मी ताटलीने वाळू उपसू लागलो. जितकी उपसावी तितकीच परत घरंगळायची. थोड्या वेळाने एक जुनाट ट्रक आला. चालवणारी बाई साधारण आमच्याच वयाची, पांढरे केस, फुलाफुलांचा झगा, अनवाणी. तिने गाडीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ताटलीकडे पाहिलं आणि मनापासून हसली. मी तिला सांगितलं की आम्हाला मदतीची गरज नाही. ती म्हणाली, ते दिसतंच आहे, पण तुम्ही माझ्या घराच्या वाटेत उभे आहात. मग तिने पट्टा बांधला आणि दात उपटावा तशी आमची गाडी बाहेर काढली. मी मनातल्या मनात याची नोंद 'रस्ता मोकळा करणे' अशी केली.

ती आँटी डोरीन. तिकडे मोठ्या माणसांना सगळेच आँटी आणि अंकल म्हणतात. आपल्या बरोबरीच्या बाईला आँटी म्हणायला माझी जीभ वळेना, पण वीणा पहिल्याच वाक्यात म्हणून मोकळी झाली. कॅम्प तिच्याच कुटुंबाचा होता. मी कार्ड पुढे केलं, तिने यंत्र पुढे केलं, आणि माझंच कार्ड चालेना. वस्तीतल्या लोकांना द्यायला मी लंडनच्या लाल बसचे फ्रिजवर लावायचे मॅग्नेट नेले होते. तिच्या फ्रिजवर आधीच लाल बसांचा डेपो होता. तिने तरी माझी बस कौतुकाने घेतली आणि रांगेत लावली.

मग तिने झाडाखाली चहा दिला आणि विचारलं, तुम्ही कुठले? मी म्हटलं, लंडन. ती वाट बघत राहिली. मी म्हटलं, म्हणजे स्टॅनमोर. तिचं समाधान होईना. तिला पत्ता नको होता, माणसं कुठली ते हवं होतं. त्याआधी कुठले? पुणे. त्याआधी? ही चौकशी ओळखीची वाटू लागली. आडनाव सांगितल्यावर 'म्हणजे मूळचे कुठले' असं विचारणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही काकूंशेजारी ही बाई सहज बसली असती. शेवटी मी गुहागर म्हटलं आणि हाताने समुद्र दाखवला. आँटींचा चेहरा उजळला. "मग असं सांगा ना," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "खाऱ्या पाण्याची माणसं. आम्हीपण." सत्तरीला टेकलेल्या मला कुणीतरी प्रथमच पदव्या न बघता पास केलं होतं. वीणा मात्र घुश्शात होती. ती म्हणाली, "गुहागर यांचं. माझं वेंगुर्ला, ते हे कधी सांगतच नाहीत." आँटींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहात बघू लागलो. आईकडचं आधी सांगायचं असतं, असं तिने मला बजावलं.

संध्याकाळी आँटी आमच्या तंबूशी एक डबा ठेवून गेली. निळ्या झाकणाचा, आइस्क्रीमचा रिकामा झालेला प्लास्टिकचा डबा. आत शिजवलेला भलामोठा खेकडा होता. वीणाने तो पाहिला आणि तिचं अर्धं बालपण परत आलं. आम्ही बोटं चाटत खाल्ला. डबा धुऊन उपडा घातला, आणि तिथेच आमच्या लॅमिनेट केलेल्या कार्यक्रमाचे दिवस भरले.

सकाळी निघायचं होतं. पण डबा रिकामा कसा द्यायचा? वीणाने शिरा केला. साजूक तूप, बेदाणे, वेलदोडा, काही कमी नाही. निघता निघता देऊन येऊ म्हणाली. आँटींनी शिरा चाखला, बहिणीला हाक मारली, बहिणीने आणखी कुणाला. आम्ही गाडीत बसेपर्यंत डबा परत आला, आत धुरावर भाजलेला मासा. आता हा डबा घेऊन कसं जायचं? एक दिवस थांबलो. वीणाने तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. पुऱ्यांच्या बदल्यात शिंपल्यातलं मांस आलं, खुद्द आँटींच्या भाच्याने ओहोटीला खडकांवरून काढलेलं. त्याच्या बदल्यात थालीपीठ. थालिपिठाच्या बदल्यात कासवाएवढा आणखी एक खेकडा.

मी वीणाला समजावून पाहिलं की हा व्यवहार असा संपणार नाही. कुणीतरी एकदा रिकामा डबा देऊन थांबायला हवं. ती म्हणाली, मग त्यांना सांगा थांबायला. मी खरंच आँटींकडे गेलो. ती म्हणाली, तुमच्या बायकोचं ऋण आमच्यावर चढून राहिलंय, तसं तुम्हाला जाऊ देणं आमच्यात बसत नाही. दोन्हीकडे तोच कायदा आणि दोन्हीकडे पक्के कायदेपंडित. पुढच्या मुक्कामाचं बुकिंग हातचं गेलं, त्याच्या पुढचंही. माझा चिवडा मी माझ्या उशाशी जपून ठेवला होता. एका सकाळी उशाशी फक्त उशी होती.

खरं सांगायचं तर मला तिथे फार बरं वाटत होतं. दुपारी आँटींचा भाऊ मला खडकांवर मासे धरायला न्यायचा. मला एकही मिळाला नाही, पण माझ्या शेजारी बसून तो भरपूर पकडायचा. वीणा आणि आँटी झाडाखाली बसून लेकरांच्या तक्रारी सांगायच्या. आँटींची एक मुलगी पर्थला असते, तिलाही आईने शहरात येऊन राहावं असं वाटतं. समुद्र कुठे नेऊ, एवढंच आँटी तिला विचारते. हे ऐकलं आणि मला माझी सफरचंदाची झाडं आठवली.

या सगळ्यात मी एक गोष्ट विसरलो, ती म्हणजे ठिपका. नॉटिंगहॅमला बसून क्षितिज बघत होता की आईबाबांचा निळा ठिपका वाळवंटात एका जागी रुतून बसलाय. आमचे फोन बंद पडले होते, कारण चार्जरच्या जागी वीणाने किसणी घेतली होती. त्याने गाडीच्या कंपनीला फोन केला. कंपनीने त्यांच्या ट्रॅकरवर पाहून सांगितलं की गाडी वाळूत थांबली, मग चालण्याच्या वेगाने काही अंतर ओढली गेली आणि तेव्हापासून हललेली नाही. रिस्क बघणाऱ्या माणसाला याहून जास्त काय लागतं.

पोलीस आले तेव्हा मी कमरेला पंचा गुंडाळून झाडाखाली खेकड्याची नांगी फोडत होतो. तरुण, सभ्य पोलीस होता. त्याने टोपी काढली, फोनवरचं वर्णन वाचलं आणि मला विचारलं, हे तुम्हीच का? वर्णन असं होतं: वयस्कर पुरुष, हट्टी, मदत नाकारण्याची शक्यता. माझ्या मुलाने माझं इतकं अचूक निदान केलं असेल असं मला वाटलं नव्हतं. वीणाने पोलिसाला पुरी दिली. त्याने स्वतःच्या फोनवरून नॉटिंगहॅमला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

क्षितिजचा आवाज आधी रडवेला होता, मग आम्ही धडधाकट आहोत हे कळल्यावर तो चिडला. "बाबा, तुमचा गाडी वाळूत stuck होता ना? खरं सांगा. कोणी बाहेर काढला?" मी घसा साफ केला. 'रस्ता मोकळा करणे' हे इंग्रजीत कसं मांडावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात आँटींनी फोन आपल्याकडे ओढला आणि सांगून टाकलं की हो, मीच काढला, पोटापर्यंत रुतला होता तुझा बाप, ताटलीने खणत होता. आजूबाजूची सगळी मंडळी हसली. पोलीसही. मी नांगी खाली ठेवली. डोळ्यांसमोर ती लाल दोरी लोंबू लागली.

"म्हणजे तुम्ही त्यांना rescue केलं," क्षितिज आँटींना म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मला आजही आठवतं.

"रेस्क्यू?" आँटी म्हणाली. "मी तुझ्या बापाला ओढलं, तुझ्या आईने आम्हाला जेवू घातलं, मग आम्ही त्यांना, मग तिने आम्हाला. कुणी कुणाला सोडवलं ते आता कोण सांगणार? हरवलेले नाहीत ते, पाहुणे आलेत. पाहुणचाराला वेळ लागतो." मग ती थांबली आणि म्हणाली, "तू तोच ना, सगळे डबे ठेवून घेणारा?"

पोलिसाला वाटलं लाइन गेली. वीणा मान खाली घालून पुरीचा तुकडा करत होती. इतक्या वर्षांत ती जे कधी मुलाला बोलली नव्हती, ते एका अनवाणी बाईने भर चौकात सांगून टाकलं होतं. शेवटी क्षितिज हळूच म्हणाला, "घरी आलात की बोलू." म्हणजे पैज मी हरलो होतो.

निघायच्या दिवशी डबा आमच्याकडे होता. आँटींनी वाटेसाठी माशाचे वडे भरून दिले होते. वीणाजवळ उरलासुरला रवा होता, तो ती भाजायला घेणार एवढ्यात आँटींनी तिचा हात धरला. म्हणाली, आता नको, पुन्हा येशील तेव्हा भरून आण. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मला उगाचच टायर तपासावेसे वाटले. हवा आँटींच्या भावाने भरून दिली होती.

स्टॅनमोरला परतलो. डेरेकने मगर दिसली का विचारलं. शशिधरला पंपाचं कळलं, आणि रविवारच्या मंडळात आता टायर या विषयावर मला बोलू देत नाहीत. मी रोज सकाळी सफरचंदाच्या झाडांना पाणी घालताना त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत होतो. खिडकीत निळ्या झाकणाचा डबा ठेवला होता. वीणाने तो रिकामा राहू दिला नव्हता, आत थोडी साखर घातली होती.

शनिवारी क्षितिज आला. फ्लॅटचे कागद घेऊन येणार हे माहीत होतं, म्हणून मी चांगला शर्ट घालून बसलो होतो. हरायचं तर इस्त्रीच्या कपड्यांत हरावं. त्याने गाडीची डिकी उघडली आणि मोठाल्या पिशव्या आत आणू लागला. मला वाटलं, सामान बांधायला खोकीसुद्धा घेऊन आला.

ते डबे होते. दिवाळीचे, वाढदिवसांचे, तो युनिव्हर्सिटीत शिकत होता तेव्हाचेसुद्धा. त्याने ते जेवणाच्या टेबलावर मांडले तर टेबल दिसेना. वीणाने एकाचं झाकण उघडलं. आत बिस्किटं होती. दुसऱ्यात शेंगदाणे. तिसऱ्यात साखर. एकही रिकामा नव्हता. सगळ्यात मोठ्या डब्यात पिवळसर भुसा होता, तो बघून वीणाने त्याच्याकडे पाहिलं.

"बेसनाची लाडू आहे," क्षितिज म्हणाला. "व्हिडिओ बघून केली. ते गोल नाही झालं."

वीणाने चमचे आणले. आम्ही तिघांनी ते लाडू चमच्याने खाल्ले. बेसन कच्चं होतं आणि साखर फार. वीणा डोळे पुसत दुसऱ्यांदा घेत होती, आणि मीही घेतलं.

मग मीच विषय काढला. म्हटलं, पैज मी हरलो, कागद दे, सही करतो. तो चमचा चाटत म्हणाला, "फ्लॅट सोडला मी, बाबा. दुसऱ्या कोणीतरी घेतला." मी सहीसाठी काढलेलं पेन खाली ठेवलं. तो पुढे म्हणाला, "पण ladder वर तुम्ही चढायचं नाही. पानं काढायला मी येणार. Non-negotiable." उभ्या आयुष्यात प्रथमच मी मदतीला नाही म्हटलं नाही. फक्त एवढंच सांगितलं की येशील तेव्हा आई डबा भरून देईल, आणि तो परत आणावा लागेल.

जाताना तो खिडकीपाशी थांबला. निळं झाकण उघडून त्याने साखर बघितली आणि हा डबा द्यायला पुढच्या वर्षी मी पण येऊ का, असं विचारलं. आणि मग जरा काळजीने, तिकडच्या रिस्कचा विचार करत असावा तसा, म्हणाला, "त्या आँटींनी मला विचारलं, कुठला, तर काय सांगायचं? नॉटिंगहॅम. त्याच्या आधी स्टॅनमोर. त्याच्या आधी?"

"गुहागर," मी म्हटलं.

"आधी वेंगुर्ला," वीणा डबे धुता धुता आतून म्हणाली.